शंभर वर्षांची होईपर्यंत वस्तू सांभाळायची कुणी?

पुरावस्तूंबद्दल आपल्याकडे 1972 चा कायदा आहे. त्यात साधारण असं आहे की वस्तू किमान 100 वर्षं जुनी असेल तर ती पुरावस्तू, हस्तलिखित असेल तर 75 वर्षं. कायदा हवाच होता, देवळातल्या मूर्ती उचलून परदेशात विकणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तो आला, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण जरा हिशोब करून बघा, स्वातंत्र्याच्या वर्षी कुणी घेतलेला पितळी डबा असेल तर तो पुरावस्तूच्या वयाचा व्हायला 2047 साल उजाडणार. तोपर्यंत तो डबा कुणी ठेवायचा, कुठे ठेवायचा आणि कुणाच्या खर्चाने ठेवायचा? मी हा प्रश्न ठाण्यात बसून विचारतेय कारण इथे तो रोज टेम्पोत भरून भंगारात चाललाय.

नौपाडा, विष्णूनगर, घंटाळी, पाचपाखाडी, कुठल्याही गल्लीत शिरा, एक तरी बिल्डिंग हिरव्या जाळीत गुंडाळलेली दिसतेच. रिडेव्हलपमेंट व्हायलाच हवं, गळक्या गच्चीखाली आणि लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर ज्यांनी म्हातारपण काढलंय त्यांना विचारा. पण घर रिकामं करायची तारीख आली की काय होतं ते मी आमच्या नात्यात, शेजारात बघितलंय. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, तिथे जागा कमी, मुलगा सून म्हणतात आई हे सगळं न्यायचं कशाला, आणि मग जातं, पाटा-वरवंटा, बंब, फिरकीचे तांबे, आजोबांची टाइपरायटरची पेटी, कंपनीत पंचवीस वर्षं झाली म्हणून मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ, लग्नातल्या मानपत्रांच्या फ्रेमा, हे सगळं किलोच्या भावाने जातं. कुणी वाईट नसतं यात. जागाच नसते.

पूर्वी हे काम माळा करायचा. जुन्या घरांना, चाळींना, अगदी वन रूम किचनलासुद्धा एक माळा असायचा आणि लागत नाही पण टाकवत नाही अशी प्रत्येक वस्तू तिथे वर्षानुवर्षं पडून राहायची. नव्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंग असतं, माळा नसतो. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते कारण वस्तू वापरात असते तेव्हा घरचे तिला जपतात, ती दुर्मिळ झाली की म्युझियमवाले जपतात, पण या दोन्हीच्या मधे चाळीस-पन्नास वर्षांचा एक काळ असतो जेव्हा तिला ना उपयोग असतो ना किंमत, ती नुसती अडगळ असते, आणि बहुतेक वस्तू याच काळात संपतात. हा मधला काळ पार करून देणारी माणसं म्हणजे छंदी माणसं, ज्यांना घरचे वैतागून म्हणतात की यांनी घराचं म्युझियम केलंय. माझं म्हणणं असं आहे की ही माणसं आपल्या सगळ्यांचं काम स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जागेत, स्वतःच्या घरच्यांची बोलणी खाऊन करतायत, आणि आता ठाणे आणि नवी मुंबईसारख्या शहरांनी त्यातला थोडा भार उचलायला पाहिजे.

पुण्याचं केळकर म्युझियम आपण सगळ्यांनी शाळेच्या ट्रिपमध्ये बघितलेलं असतं, पण ते कसं झालं ते फारसं कुणी सांगत नाही. दिनकर केळकर हे चष्म्याच्या दुकानाचा धंदा असलेल्या घरातले, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे. ना राजे ना जहागिरदार. 1920 च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली, 1960 पर्यंत 15000 च्या आसपास वस्तू झाल्या, 1962 मध्ये लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव देऊन त्यांनी म्युझियम काढलं आणि 1975 मध्ये अख्खा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. आणि जमवलं काय तर अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, पाय घासायच्या वज्री. वज्रीवर बसवलेले ते छोटे छोटे पक्षी आठवतात का? कुणीतरी न्हाणीघरात टाच घासायच्या वस्तूवर मोर बसवला आणि कुणीतरी ती वस्तू शोधून, विकत घेऊन, पुसून ठेवली. 1925 साली एखाद्या पुणेकराला अडकित्त्यांनी भरलेलं कपाट दाखवलं असतं तर तो काय म्हणाला असता? प्रत्येकाच्या घरात एक अडकित्ता होताच की, त्यात बघायचं काय! आज त्याच कपाटासमोर आपण उभे राहतो. त्या माणसाने मधली पन्नास वर्षं सांभाळली म्हणून.

छोट्या म्युझियमची गंमत मला इथेच सापडते. मोठ्या म्युझियममध्ये निवडलेली, सगळ्यात उत्तम वस्तू असते. मुंबईला 1922 पासून लोकांसाठी खुलं असलेलं फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा भायखळ्याचं 1872 चं भाऊ दाजी लाड, दोन्ही मला अतिशय आवडतात, भायखळ्यातल्या त्या मातीच्या छोट्या माणसांपुढे, त्यांच्या पगड्या फेटे बघत मी कितीही वेळ उभी राहू शकते. पण मोठ्या ठिकाणी एका जातीच्या दोन-चार उत्तम वस्तू बघून आपण पुढे जातो. छंदी माणसाकडे मात्र एकाच जातीच्या चाळीस असतात, आणि सलग चाळीस अडकित्ते बघितले की एकविसाव्याला तुमच्या डोळ्यांना काहीतरी व्हायला लागतं, याचं पातं वेगळं, याची मूठ बाईच्या हातासाठी केलेली असणार, हा लोहाराने केलाय, तो तांबटाने सजवलाय, हे न सांगता दिसायला लागतं. एखाद्या माणसाने वीस वर्षं एकाच गोष्टीकडे बघून कमावलेली नजर तुम्हाला अर्ध्या तासात उसनी मिळते. ही सोय दुसरीकडे कुठे आहे?

नौपाड्यात एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या ओळखीचे एक काका राहतात, वागळे इस्टेटमधल्या कंपनीत नोकरी केली, आता रिटायर्ड. त्यांनी धान्य मोजायची मापं जमवलीत. बेडरूममधला पलंग बाहेर काढलाय आणि तीन भिंतींना रॅक लावलेत. पितळी, लोखंडी, एक-दोन लाकडी, काहींच्या काठाला तपासणीचे शिक्के ठोकलेले. एका रांगेत कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली. मी एकदा भाचीला घेऊन गेले, चौथीतली मुलगी, तिला हे सगळे सारखेच डबे दिसत होते. काकांनी काही लेक्चर दिलं नाही, खाली वर्तमानपत्र अंथरलं, तांदळाचा डबा आणला आणि तिच्या हातात कोळवं दिलं, म्हणाले हे भरून त्या चिपट्यात ओत. दोनदा ओतल्यावर चिपटं भरलं. दोन चिपट्यांनी मापटं भरलं, दोन मापट्यांनी शेर, आणि मग तिची ट्यूब पेटली, प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट आहे म्हणून तिने पायलीपर्यंत जाऊन सांगितलं, एका पायलीत 32 कोळवी. काका म्हणाले, आता सांग, दुकानदाराला वजनकाटा कशाला लागतोय? मग ते शीग म्हणजे काय ते दाखवायला लागले, काठोकाठ सपाट भरलेलं आणि वर डोंगर करून भरलेलं यात किती फरक पडतो ते तिने स्वतःच्या हाताने रचून बघितलं, सगळे तांदूळ सांडले, पुन्हा भरले. देणाऱ्याचं मन आणि घेणाऱ्याचं पोट या दोन्हीचा हिशोब त्या शिगेत असायचा हे तिला वयाच्या नवव्या वर्षी कळलं.

हे काचेच्या मागे होऊ शकत नाही. हात लावू नका ही पाटी तिथे लावावीच लागते, शेकडो वर्षांच्या मूर्तीला रोज हजार हात लागले तर ती उरायची नाही. पण पायली ही हातात घ्यायचीच वस्तू आहे, आणि अशा एका जातीच्या भरपूर वस्तू ज्याच्याकडे आहेत त्यालाच त्यातली एक पोराच्या हातात देणं परवडतं. शिवाय काकांकडे त्या मापांबरोबर तो सगळा उलथापालथीचा काळ आहे. 1957 च्या एप्रिलमध्ये आणे-पै जाऊन नवे पैसे आले, त्याच्याच आगेमागे शेर-मण जाऊन किलो आला, आणि बरीच वर्षं लोक दोन्ही भाषांत बोलत होते. शेराचे किलो किती हे दाखवणारी छापील कोष्टकं त्यांनी फ्रेम करून लावलीत. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकलं जातं.

त्याच खोलीत एका कोपऱ्यात रेडिओचं लायसन्स आहे. आजच्या पोरांना खरं वाटत नाही, पण घरात रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं, पासबुकासारखं छोटं पुस्तक मिळायचं आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरून त्यात नोंद करून आणायला लागायची, 1980 च्या दशकात ते बंद झालं. काकांकडे जे आहे त्यात पत्ता दोनदा बदललाय. आधी गिरगावातली चाळ, ती खोडून डोंबिवली, ती खोडून ठाणे, प्रत्येक बदलावर पोस्टाचा गोल शिक्का. मुंबईतला मराठी माणूस गिरगाव सोडून रेल्वेच्या रुळाला धरून कसा लांब लांब सरकत गेला यावर आपण किती बोलतो, वाद घालतो, आणि त्याचा पुरावा इथे एका घरच्या रेडिओच्या लायसन्सवर शाईने लिहिलेला आहे. असलं पुस्तक कुठलं मोठं म्युझियम घेईल? घेऊही नये कदाचित, त्यांच्याकडे हजार वर्षांच्या मूर्तींचं काम आहे. पण ते कुठेतरी असायला तर हवं ना.

अशा एककल्ली जागा आपल्या देशात आहेत आणि त्या चालतात हे मुद्दाम सांगायला पाहिजे, कारण लोकांना हे सगळं हवेतलं वाटतं. पुण्यात कर्वे रोडवर भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, एका माणसाच्या रेल्वेवेडातून उभं राहिलेलं. अहमदाबादला विशाला रेस्टॉरंटच्या आवारात 1981 पासून नुसत्या भांड्यांचं म्युझियम आहे, जेवायला गेलेले लोक कुतूहल म्हणून आत डोकावतात आणि हंडे, घागरी, सुऱ्या, किसण्या बघत तासभर तिथेच राहतात. दिल्लीत बिंदेश्वर पाठकांनी 1992 मध्ये संडासांचं म्युझियम काढलं, ऐकायला विचित्र वाटतं, पण मैला उचलणाऱ्या माणसांची त्यातून सुटका व्हावी म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाने ते काढलंय हे लक्षात घेतलं की त्यामागची कळकळ कळते. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांची संशोधन संस्था आहे, 1980 पासून, डोंगराच्या पायथ्याशी बसून नाणी बघता येतात. आपल्या मुंबईत बेस्टने आणिक आगारात जुन्या ट्रामगाड्यांच्या, तिकिटांच्या आठवणी जपून ठेवल्यात, मुंबईची शेवटची ट्राम 1964 मध्ये बंद झाली हे ज्यांना माहीत नाही त्यांनी तिथे पोरांना घेऊन जावंच. परदेशातलं एक सांगते, क्रोएशियात झाग्रेबला मोडलेल्या नात्यांचं म्युझियम आहे, लोकांनी पाठवलेल्या साध्यासुध्या वस्तू आणि त्याखाली दोन-चार ओळींची गोष्ट, एवढंच. त्याला 2011 मध्ये युरोपातला म्युझियमचा एक मानाचा पुरस्कार मिळाला. वस्तू किती महाग आहे याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आता नवी मुंबईकडे वळते, कारण तिथे वेळ आणखी कमी आहे असं मला वाटतं. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. शहर नवं म्हणून सगळे समजतात इथे जुनं काही नाहीच. अहो, सेक्टरच्या मधोमध गावठाणं आहेत, दिवाळे, करावे, सारसोळे, वाशीगाव, आणि त्या घरांमध्ये भातशेतीच्या, मिठागराच्या, खाडीतल्या मासेमारीच्या वस्तू अजून आहेत. करावे गावातल्या एका मावशींच्या घरी तळमजल्यावर, जिथे भाडेकरू ठेवला तर महिन्याला चांगले पैसे आले असते, तिथे त्यांनी सासऱ्यांचा पाग, म्हणजे हाताने फेकायचं मासेमारीचं जाळं, टांगून ठेवलाय, त्याच्या कडेला ओळीने शिशाच्या गोळ्या, बाजूला लावणीच्या पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं, भाताची कणगी, मिठागरात मीठ ओढायचं लांब दांड्याचं लाकडी अवजार, त्याच्या दांड्याला हाताची जागा झिजून खोलगट झालेली. आणि एका ट्रंकेत जमीन संपादनाच्या नोटिसा, सातबारे, 1984 च्या आंदोलनाच्या वेळची पत्रकं. जासईच्या त्या आंदोलनात गोळीबारात पाच माणसं गेली, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी ही मागणी त्याच लढ्यातून पुढे आली, आणि पाम बीच रोडवरून रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला याचा पत्ता नसतो, त्याची चूक नाही, त्याला कुणी दाखवलंच नाही. मावशींकडे धवलारणींनी म्हटलेल्या धवल्यांच्या, म्हणजे लग्नातल्या गाण्यांच्या, कॅसेट आहेत. कॅसेटची फीत किती दिवस टिकते हे ज्यांनी टेपरेकॉर्डर वापरलाय त्यांना सांगायला नको.

ऐरोलीला खाडीच्या जैवविविधतेचं केंद्र झालंय, छान आहे, फ्लेमिंगो आणि कांदळवन समजून घ्यायला तिथे जावं. पण त्याच खाडीत माणूस कसा उतरायचा, पाग खांद्यावर कसा घ्यायचा आणि हवेत कसा गोल उघडायचा, हे ज्या हातांना माहितीय ते हात करावे-दिवाळ्यात आहेत आणि म्हातारे होत चाललेत. वस्तू एकवेळ नंतर शोधून आणता येईल, ती दाखवणारा माणूस आणता येणार नाही. छोट्या संग्रहात निम्मं म्युझियम तो माणूसच असतो.

विरोधातलं बोलणं मी ऐकलेलं आहे आणि ते सगळं चुकीचं नाही. पहिलं म्हणजे, ही सगळी रद्दी आहे, कुणीही काहीही जमवेल आणि म्युझियम म्हणून पालिकेकडे जागा मागेल. दुसरं, छंदी माणसाची माहिती बेभरवशाची असते, ऐकीव गोष्टी इतिहास म्हणून सांगितल्या जातात, कुठलीही तलवार थेट महाराजांच्या काळातली होते आणि कुठलंही नाणं दुर्मिळ. हे होतं, मी स्वतः असल्या गोष्टी ऐकल्यात आणि मला त्याचा त्रास होतो, कारण एका खोट्या गोष्टीमुळे बाकी सगळ्या खऱ्या वस्तूंवरचा विश्वास उडतो. म्हणून मला वाटतं की मदत हवी असेल तर नोंदवही हवीच, साधी, दोनशे पानी, प्रत्येक वस्तूला नंबर, कुठून आली, कुणी दिली, कधी, आणि ऐकीव असेल तर स्पष्ट लिहायचं की ऐकीव आहे. ठाण्यात आणि वाशी-नेरुळात इतकी कॉलेजं आहेत, इतिहासाच्या पोरांना प्रोजेक्टसाठी हेच द्या, एका संग्रहाची एक नोंदवही पुरी करायची, फोटोसकट. दोन्हीकडचा फायदा आहे. आणि रद्दी कुठली, संग्रह कुठला, हेही त्या वहीवरून आपोआप कळतं, कारण ज्याने खरंच जमवलंय त्याला प्रत्येक वस्तूबद्दल चार ओळी सांगता येतात.

खरा अवघड प्रश्न आहे तो जमवणारा गेल्यावर काय. केळकरांचं सरकारने घेतलं, प्रत्येकाचं घेणार नाही, घेऊ शकतही नाही. मुलांना आवड असेलच असं नाही आणि तशी सक्ती करणं अन्यायाचं आहे. इथे मला आपल्याच राज्यातली एक जुनी, चालू असलेली व्यवस्था आठवते आणि मला कळत नाही की तिचं नाव या विषयात कुणी का घेत नाही. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. गावातल्या चार लोकांनी मिळून काढलेलं वाचनालय असलं, त्याची नोंदणी झालेली असली, पुस्तकं, सभासद, हिशोब नीट असले की त्याला शासनाची मान्यता मिळते, अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान. अनुदान तुटपुंजं आहे, उशिरा येतं, ग्रंथालयवाले वर्षानुवर्षं ओरडतायत आणि त्यांचं बरोबर आहे. तरी या एका कायद्यामुळे राज्यात हजारो छोटी वाचनालयं जिवंत आहेत, एका माणसावर अवलंबून न राहता, कारण संस्था झाली, कमिटी झाली, एक गेला की दुसरा येतो. आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय वि. ल. भाव्यांसारख्या माणसांनी 1893 मध्ये सुरू केलं, या कायद्याच्या कितीतरी आधी, लोकवर्गणीच्या आणि हौसेच्या बळावर, आणि ते आजही उभं आहे. पुस्तकांच्या बाबतीत आपण ठरवलं की छोटं आहे म्हणून फालतू नाही, त्याला ड वर्ग द्या पण जगू द्या. मग वस्तूंच्या बाबतीत हे का नाही ठरवायचं? केंद्राची म्युझियमसाठी अनुदान योजना आहे, ट्रस्ट आणि संस्थांनाही ती आहे, पण तिचे कागद, प्रस्ताव, आराखडे हे सगळं दोन खोल्यांचा संग्रह असलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाला झेपणारं नाही. त्याला ड वर्गाचं काहीतरी हवंय.

आणि पैशापेक्षा जागा हवीय. मोठ्या लेआउटमध्ये बिल्डरला अॅमेनिटी स्पेस सोडावी लागते, नव्या टॉवरमध्ये क्लब हाऊस असतं, बँक्वेट असतं, वर्षातले बहुतेक दिवस कुलूप असतं. पालिकांच्या शाळांमध्ये पट कमी झाल्यामुळे रिकामे पडलेले वर्ग आहेत. वाचनालयांच्या इमारतींमध्ये एखादी खोली असते. तीनशे चौरस फूट, कोरडी भिंत, दोन पंखे, दाराला चांगलं कुलूप आणि पाच वर्षांचा लेखी करार, एवढ्यावर एक म्युझियम चालतं. आठवड्यातून शनिवार-रविवार दोन-दोन तास उघडं ठेवायचं, बाकी दिवशी फोन करून या. एका प्रभागात एक अशी खोली झाली तरी ठाण्यात आणि नवी मुंबईत मिळून किती होतील बघा. मला एक मोठं, शे-दोनशे कोटींचं, काचेचा घुमट असलेलं म्युझियम नकोय, असल्या घोषणा होतात, उद्घाटनं होतात, मग एसी बंद पडतो, मग प्रोजेक्टर, मग दार. मला खोल्या हव्यात, भरपूर, चालत जाता येतील अशा, पोरं शाळेतून येताना डोकावतील अशा.

इथल्या वस्तू इथेच राहायला हव्यात असं मी का म्हणते त्यालाही कारण आहे. 1787 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे जेल आहे तिथे, खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, शके 939 चा, म्हणजे 1017 चा. ठाण्याची एक हजार वर्षांपूर्वीची साक्ष. त्याचं भाषांतर छापून आलं ते कलकत्त्यात, एशियाटिक रिसर्चेसच्या पहिल्याच खंडात. तेव्हा इथे काहीच सोय नव्हती, म्हणून ते तसंच होणार होतं. पण आज ठाण्यात जन्मलेल्या, तलावपाळीवर रोज संध्याकाळी फिरणाऱ्या किती मुलांना हे माहितीय? 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली एवढं सगळ्यांना पाठ असतं, कारण ते परीक्षेत येतं. बाकीचं शहर लक्षात राहायला ते डोळ्यासमोर कुठेतरी लागतं.

एक काळजी मात्र मला मदतीचीच वाटते. पालिका किंवा कुठली कंपनी मदतीला आली की पहिलं काय होतं तर डिझायनर येतो, सगळं पांढरं होतं, चाळीसातले चार अडकित्ते उरतात आणि त्यावर स्पॉटलाइट पडतो, बाकीचे गोडाऊनमध्ये, आणि खाली क्यूआर कोड. लायटिंग सुधारा, वाळवीचा बंदोबस्त करा, आग लागू नये म्हणून वायरिंग बदला, हे सगळं हवं. पण गर्दी तशीच राहू द्या, जमवणाऱ्याने ज्या क्रमाने लावलंय तो क्रम राहू द्या, त्याच्या हातच्या चिठ्ठ्या राहू द्या. लंडनमध्ये सर जॉन सोन नावाच्या आर्किटेक्टचं घर आहे, कोंबून भरलेलं, पुतळे, तुकडे, चित्रं, एका भिंतीमागे दुसरी भिंत. त्याने 1833 मध्ये पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला की आपल्यानंतर घर होतं तसंच ठेवायचं, आणि जवळपास दोनशे वर्षं लोक रांगा लावून ते तसंच घर बघतायत. कारण त्यांना वस्तूंबरोबर एका माणसाचं डोकं आतून बघायला मिळतं. आपल्याकडे प्रत्येकासाठी कायदा नको, करारात एक कलम पुरेल, की मांडणी संग्राहकाला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला विचारल्याशिवाय बदलायची नाही.

पालिकेची वाट न बघता करता येण्यासारखं बरंच आहे. दरवर्षी 18 मे ला आंतरराष्ट्रीय म्युझियम दिवस असतो, मे महिना म्हणजे पोरांना सुट्टी, पाहुणे आलेले. त्या दिवशी ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या ज्यांच्या ज्यांच्या घरी संग्रह आहे त्यांनी सकाळी दहा ते एक दार उघडं ठेवायचं, काडेपेट्या असोत, टाक-बोरू असोत, लोकलचे जुने पास असोत, नाटकांच्या हँडबिल्स असोत. गडकरी रंगायतनच्या आसपास राहणाऱ्या किती घरांत 1978 पासूनची तिकिटं निघतील कोण जाणे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज टाकायचा, कोणत्या मजल्यावर काय आहे. वागळे इस्टेट ही 1962 मध्ये एमआयडीसीने सुरू केलेली पहिली वसाहत, तिथे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरी केलेली माणसं अजून आपल्यात आहेत, त्यांच्या कपाटात बिल्ले आहेत, हजेरीची कार्डं आहेत, कॅन्टीनची कुपनं आहेत, संपाच्या वेळची पत्रकं आहेत. हे एकत्र मांडलं तर कारखान्यांचं ठाणं कसं होतं ते टॉवरमध्ये वाढणाऱ्या पोरांना दिसेल.

आणि ज्यांच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट अजून बोलणीच्या टप्प्यावर आहे त्यांनी बिल्डरकडे मागण्यांची यादी देताना जिम, स्विमिंग पूल, पोडियम गार्डनच्या खाली एक ओळ वाढवावी, तळमजल्यावर तीनशे फुटांची एक खोली, सोसायटीच्या संग्रहासाठी. करार सही होण्याआधी मागितलं तरच मिळतं. नौपाड्यातल्या काकांची बिल्डिंग पुढच्या वर्षी रिकामी होतेय आणि त्यांच्या कमिटीने ही ओळ यादीत घातलीय, बिल्डरचं उत्तर अजून आलेलं नाही. मधल्या अडीच-तीन वर्षांत मापं ठेवायला कोरडी जागा ते शोधतायत, तळमजला नको म्हणतात, ठाण्याच्या पावसात लोखंड गंजतं.